‘अज्ञात गीताविषयी’: एका जुन्या पत्राचे परीक्षण

इटलीतील आरेझ्झो नगरीत गायनशिक्षक असलेल्या ग्वीदो नामक बेनेडिक्टाइन मठवासीयाने सुमारे १०३० साली आपला जुना सहकारी बंधू मायकल यास एक पत्र धाडले. ‘अज्ञात गीताविषयी’ या नावाने ते ओळखले जाते. पाश्चात्त्य संगीतातील दो, रे, मी या स्वरनामांचा उगम या पत्रात आहे, एवढी माहिती संगीताच्या कोणत्याही पाठ्यपुस्तकात मिळते आणि बहुतेक वाचक तेथेच थांबतात. आमच्या मते या पत्राचे मोल याहून पुष्कळ अधिक आहे. ज्यास गायनाचे काहीही शिक्षण नाही अशा विद्यार्थ्याचा कान कसा घडवावा, आणि पूर्वी कधीही न ऐकलेले गीत केवळ लिपी पाहून त्याच्या कंठातून कसे उमटावे, या प्रश्नाचा तेथे अत्यंत सरळ विचार केलेला आहे. ज्या चुकीवर ग्वीदोने नेमके बोट ठेवले तीच चूक आपल्या प्रशिक्षणवर्गांत आजही शिक्षणपद्धती म्हणून नांदत आहे. यास्तव या पत्राचे परीक्षण येथे करणे अस्थानी ठरू नये.

पत्राचा आरंभ गाऱ्हाण्याने होतो. पोम्पोझा येथील मठात ग्वीदोने आपली नवी पद्धत काढली आणि तेथील बांधवांच्या मत्सरामुळे त्यास तो मठ सोडावा लागला. रोमच्या सम्राटापुढे न फुटणारी काच घेऊन गेलेल्या कारागिराशी तो स्वतःची तुलना करतो. बक्षिसाच्या आशेने गेलेल्या त्या बिचाऱ्याच्या वाट्याला मृत्यू आला. (एखाद्या धर्मग्रामात नव्या गायनशिक्षकाचे स्वागत कसे होते हे ज्यांनी पाहिले आहे, त्यांना ही उपमा फारशी अतिशयोक्त वाटणार नाही.) पुढे आरेझ्झोचे बिशप थिओडाल्ड यांनी त्यास आश्रय दिला. ‘मिक्रोलोगुस’ हा त्याचा ग्रंथ सुमारे १०२६ मध्ये त्यांच्याच आश्रयाखाली सिद्ध झाला, आणि कीर्ती ऐकून पोप एकोणिसावे योहान यांनी त्यास रोमला पाचारण केले. पोपमहोदयांनी रेषांवर लिहिलेले त्याचे गीतपुस्तक चाळले, नियम विचारले, आणि पूर्वी कधीही न ऐकलेली एक ओळ स्वतः गाता येईपर्यंत ते जागचे हलले नाहीत, असे ग्वीदो सांगतो. यातील आत्मप्रशंसेचा अंश वजा केला तरी एक गोष्ट शिल्लक उरते. शिकवलेले गीत विद्यार्थी किती गोड गातो, ही ग्वीदोची कसोटी नव्हे. न शिकवलेले गीत त्यास गाता येते की नाही, ही होय. इतर रीतींनी दहा वर्षे खपूनही गायक अर्धवटच राहतात, आपल्या पद्धतीने एका वर्षात, फार तर दोन वर्षांत, पुरा गायक तयार होतो, असा त्याचा दावा आहे. काही मुलांनी तर तिसऱ्या दिवसाच्या आतच अपरिचित चाल म्हटली, असेही तो लिहितो. हे तीन दिवस आम्ही शिक्षकाच्या उत्साहाच्या खात्यात टाकतो. एका-दोन वर्षांचा अंदाज मात्र आमच्या वर्गांतील अनुभवाशी जुळतो.

पत्राचा खरा गाभा याच्या पुढे आहे. त्या काळी नवे गीत शिकण्याची रूढ रीत अशी होती: लाकडी खोक्यावर ताणलेली एकच तार, तिच्याखाली सरकवता येणारी घोडी, आणि स्वरांच्या जागी लिहिलेली अक्षरे. यास मोनोकॉर्ड म्हणत. विद्यार्थी लिपीतील अक्षर पाही, घोडी त्या जागी नेई, तार छेडी, आणि जो ध्वनी येई त्याच्यामागून आपला गळा नेई. ही रीत पोरकट आहे, असे ग्वीदो स्पष्ट म्हणतो. अगदी नवशिक्यास ती आरंभी ठीक. परंतु जो पुढे जाऊ इच्छितो त्यास ती अत्यंत घातक. आपण असे तीक्ष्ण बुद्धीचे तत्त्वज्ञ पाहिले आहेत, असे तो सांगतो, की जे या विद्येसाठी इटलीतीलच नव्हे तर फ्रेंच, जर्मन आणि ग्रीक गुरूंपर्यंत पोहोचले. पण याच एका रीतीवर विसंबून राहिल्यामुळे संगीतज्ञ तर सोडाच, साधे वृंदगायकही होऊ शकले नाहीत, आणि आपल्या गायकवृंदातील पोरांची बरोबरी त्यांना साधली नाही.

मोनोकॉर्डच्या जागी आता बाजाची पेटी ठेवून हाच परिच्छेद वाचावा.

आपल्या बहुतेक प्रशिक्षणवर्गांत गायनाचा पहिला तास पेटीपाशी सुरू होतो. काळी चार किंवा पांढरी एक अशी पट्टी ठरते, शिक्षक सा दाबतात, वर्ग सा म्हणतो. रे दाबतात, वर्ग रे म्हणतो. दोन महिन्यांत वर्ग सप्तक निर्दोष म्हणू लागतो आणि सर्वांस समाधान वाटते. आता पेटीचा भाता बंद करावा, एका विद्यार्थ्यास सा द्यावा, आणि थेट धैवत लावण्यास सांगावे. तो काय करतो? मनातल्या मनात, अनेकदा पुटपुटत, सा रे ग म प ध असा जिना चढतो. आणि तेथे पोहोचेपर्यंत पुष्कळदा मूळचा सा त्याच्या हातून निसटलेला असतो. त्याने स्वर ऐकलेला नसून स्वरांची रांग पाठ केलेली असते. पेटी हा या विद्यार्थ्याच्या बाहेर ठेवलेला कान आहे. तो बाहेरचा कान जितका तत्पर, तितका आतला सुस्त. आता तर विजेचे की-बोर्ड आले असून पट्टी बदलण्याचे कळबटण त्यात असल्याने वादकासही सा कोठे आहे हे कळण्याची गरज उरलेली नाही.

पेटीविरुद्ध आमचे वैर नाही. खेड्यापाड्यांतील उपासना तिच्याच आधाराने उभी राहिली, हे आम्ही जाणतो. आकाशवाणीने १९४० साली तिच्यावर बंदी घातली तेव्हा मांडलेले सर्वच आक्षेप काळाने टिकू दिले नाहीत. एक आक्षेप मात्र कान घडवण्याच्या दृष्टीने खरा आहे. पेटीचे बारा स्वर समान अंतरावर बसवलेले असतात. त्यामुळे तिचा शुद्ध गांधार नैसर्गिक गांधारापेक्षा सुमारे १४ सेंटांनी चढा असतो. सेंट म्हणजे अर्धस्वराचा शंभरावा भाग. फरक लहान आहे, पण जुळलेल्या तंबोऱ्याच्या तारांतून जो गांधार आपोआप ऐकू येतो, तो आणि पेटीचा गांधार एकापाठोपाठ ऐकवले, तर कोऱ्या कानाच्या मुलासही तो फरक जाणवतो. ज्याने सहा महिने पेटीच्या पट्ट्यांमागूनच गळा नेला त्यास तो बहुधा जाणवत नाही. शिक्षणाने कान उघडण्याऐवजी मिटला, असा याचा अर्थ होतो.

ग्वीदोने सुचवलेला उपाय साधा आहे. बाप्तिस्मा करणाऱ्या संत योहानाच्या सणाचे, म्हणजे २४ जूनचे, एक लॅटिन स्तोत्र त्याने घेतले. त्या स्तोत्राचे शब्द आठव्या शतकातील पाउलुस दियाकोनुस याचे मानले जातात. चाल स्वतः ग्वीदोने याच हेतूने बांधली असावी, असे अनेक अभ्यासकांचे मत आहे. चालीची रचना अशी की पहिल्या सहा चरणांपैकी प्रत्येक चरण मागच्यापेक्षा एक पायरी वरच्या स्वरावर सुरू होतो. त्या चरणांची पहिली अक्षरे म्हणजे उत, रे, मी, फा, सोल, ला. स्तोत्राचा विषयही प्रसंगाला साजेसा आहे: ओठ सैल व्हावेत आणि सेवकांना मोकळ्या कंठाने गाता यावे, अशी ती याचना आहे. योहानाचा पिता जखऱ्या याची वाचा देवदूताच्या शब्दावर अविश्वास दाखवल्यामुळे गेली आणि पुत्राच्या नामकरणाच्या वेळी परत आली, हे वाचकांस सांगावयास नकोच. मुकेपणा हा आधी ऐकण्यातला दोष होता आणि मग बोलण्यातला, हे लूकच्या पहिल्या अध्यायाचे सूत्र गायनशिक्षकाने मनाशी धरण्याजोगे आहे. आपल्या भाषेतही ‘मूल ऐकत नाही’ असे आपण म्हणतो तेव्हा त्याच्या कानांविषयी तक्रार करीत नसतो.

या उपायाचे मर्म अनेकांच्या ध्यानात येत नाही, असे आम्हांस वाटते. ग्वीदोने मुलांना सहा स्वरांची शिडी दिली नाही. सहा चरण इतके पक्के करवून घेतले की कोणताही चरण कोठूनही, इतरांना न शिवता, उचलता यावा. अपरिचित गीतात एखादा स्वर दिसला की विद्यार्थ्याने तो स्वर ज्या चरणाच्या आरंभी आहे तो चरण आठवावयाचा. स्वर आपोआप हाती येतो. म्हणजे प्रत्येक स्वरास त्याने एक चेहरा दिला. आपण शेजाऱ्यास ओळखतो ते गल्लीत तो कितव्या घरात राहतो हे मोजून नव्हे; तसेच हे. शिवाय हे सर्व स्मरणातून घडते, यंत्रातून नव्हे. स्मरण हेच वाद्य होते.

याच युक्तीचा एक विपर्यास आज सर्वत्र दिसतो. दोन स्वरांतील अंतर ओळखण्यासाठी प्रत्येक अंतराला एकेका प्रसिद्ध गाण्याची पहिली दोन अक्षरे जोडून द्यावयाची, अशी ती पद्धत होय. मोबाइलवरील कान-परीक्षेचे कार्यक्रम बहुधा हेच करतात. दोन ध्वनी वाजतात, विद्यार्थी बटण दाबून अंतराचे नाव सांगतो, गुण मिळतात. वरवर पाहता ही ग्वीदोचीच परंपरा वाटते, पण दोहोंत मूलभूत भेद आहे. सा ते मध्यम हे अंतर आणि पंचम ते तार सा हे अंतर मापाने एकच आहे. तथापि पहिले म्हणताना काहीतरी अधांतरी राहिल्याची भावना होते आणि दुसरे म्हणताना घरी पोहोचल्याची. अंतर एक, अर्थ दोन. गाणारा अंतर गात नाही, स्वराचे स्थान गातो. अंतरांच्या परीक्षेत शंभरपैकी शंभर गुण मिळवलेले विद्यार्थी आम्ही साध्या स्तोत्राच्या तिसऱ्या ओळीत हरवलेले पाहिले आहेत. कारण दोन स्वरांतील अंतर त्यांना ठाऊक होते, सा कोठे आहे हे ठाऊक नव्हते. आणि या परीक्षांत विद्यार्थ्यास गावे लागतच नाही, हा दोष तर निराळाच.

ग्वीदोच्या योजनेतील मी आणि फा यांच्यामध्ये अर्धस्वर आहे, बाकी सर्वत्र पूर्ण स्वर. गीत कोठूनही सुरू होवो, जेथे अर्धस्वर येईल तेथे मी-फा म्हणावयाचे, असा पुढील काही शतकांचा संप्रदाय झाला. म्हणजे नाव जागेला नव्हते, नात्याला होते. सतराव्या शतकात उत जाऊन दो आला, सातवा स्वर सी जोडला गेला, आणि फ्रान्स, इटली, पोर्तुगाल या देशांत हळूहळू हे नाव विशिष्ट ध्वनीस कायमचे चिकटले. तेथे दो म्हणजे पांढरी एक, मग गीताचा सा कोठेही असो. आमच्या मते ग्वीदोच्या वारशाची ही घसरण आहे. मात्र तिच्यातून जे निपजले त्याकडे तुच्छतेने पाहता येणार नाही.

याचे उत्तम उदाहरण गोव्याचे. सोळाव्या शतकापासून तेथील चर्चच्या पारोकियल शाळांत धर्मशिक्षणाबरोबर संगीत शिकवले जाई; मेस्त मुलांकडून हाताने ताल देत सोल्फेजो म्हणवून घेत आणि मगच व्हायोलिन हाती येई. कागद समोर ठेवला की वाजवणारा, ही जी गोमंतकीय वादकांची ख्याती मुंबईच्या चित्रपटसृष्टीत विसाव्या शतकात झाली, तिचे मूळ या शाळांत आहे. अँथनी गोन्साल्विस (१९२७–२०१२) हे माजोर्ड्याचे, आणि त्यांचे वडील तेथील चर्चचे गायनप्रमुख, ही गोष्ट पुरेशी बोलकी आहे. ज्या पद्धतीने असे वादक दिले ती निष्फळ कोण म्हणेल? तरीही आम्ही असे म्हणू की तिने वाचणारे डोळे आणि वाजवणारे हात यांच्यासाठी जितके केले तितके गळ्यासाठी केले नाही. स्थिर दोच्या पद्धतीत स्वराचे नाव उच्चारणे आणि स्वर आतून ऐकणे या दोन क्रिया वेगळ्या पडू शकतात. मूल झरझर नावे म्हणते, ताल बिनचूक देते, पण उंची अंदाजाने घेते. व्हायोलिन हाती आले की बोट ती उणीव भरून काढते. ज्या धर्मशिक्षकाच्या हाती व्हायोलिन कधी येणारच नाही, त्याची उणीव कोण भरून काढणार?

नात्याला नाव देण्याची मूळ कल्पना पुन्हा उचलली ती इंग्लंडातील एका शिक्षिकेने. नॉर्विच येथील सेरा ॲन ग्लोव्हर (१७८६–१८६७) यांनी मुलांना स्तोत्रे शिकवताना फिरत्या दोची पद्धत सिद्ध केली आणि १८३५ मध्ये ती पुस्तकरूपाने मांडली. संपूर्ण मंडळीने स्तोत्रे गावीत, हे पुस्तकाच्या नावातच उद्दिष्ट होते. १८४१ साली हल येथील रविवारशाळेच्या शिक्षकांच्या सभेने जॉन कर्वेन (१८१६–१८८०) या तरुण पाळकावर काम सोपवले: गायन शिकवण्याची सर्वांत सोपी रीत शोधून काढा. कर्वेन यांना स्वतःला धड गाता येत नसे, आणि आमच्या मते हेच त्यांचे भाग्य. ज्याचा कान जन्मतःच तयार असतो त्यास नवशिक्याची अडचण दिसतच नाही. त्यांनी ग्लोव्हरबाईंची पद्धत घेतली, सुधारली आणि टॉनिक सोल-फा नावाने जगभर पोहोचवली. मादागास्कर, दक्षिण आफ्रिका, फिजी, आपल्याकडे मिझोराम व खासी टेकड्या, जेथे जेथे मिशनऱ्यांनी ती नेली तेथे तेथे पियानोवाचून चार आवाजांत गाणाऱ्या मंडळ्या उभ्या राहिल्या.

कर्वेन यांच्या पद्धतीतील दोन गोष्टी ग्वीदोच्या पुढे जातात. एक, पाठांचा क्रम. ते सा रे ग म असा जिना चढवीत नाहीत. पहिल्या पायरीत केवळ सा, ग, प. हे तीन खांब कानात रोवले गेल्यावर नी आणि रे, आणि सर्वांत शेवटी म आणि ध. दुसरी, प्रत्येक स्वराचा स्वभाव. सा दृढ, रे जागवणारा, ग शांत, म गंभीर व उदास, प तेजस्वी, ध शोकाकुल, नी टोचणारा. आणि प्रत्येकासाठी हाताची एक मुद्रा. हे स्वभाव अक्षरशः घेऊ नयेत. द्रुत लयीत धैवत शोकाकुल राहत नाही, हे कर्वेनही जाणत होते. पण विद्यार्थ्यास स्वर ‘किती उंच’ असे न विचारता ‘कसा वाटतो’ असे विचारणे, ही शिक्षणातील मोठी क्रांती होती. गेल्या शतकात हंगेरीच्या झोल्तान कोदाय यांनी आपल्या राष्ट्रातील शाळांसाठी याच मुद्रा आणि हाच फिरता दो स्वीकारला.

येथपर्यंत वाचलेला वाचक म्हणेल, यात नवे काय? आपला सा तर पहिल्यापासूनच फिरता आहे. हे खरे आहे, आणि म्हणूनच आपली उदासीनता अधिक खटकते. ज्या साधनासाठी पाश्चात्त्य शिक्षकांना आठशे वर्षे खटपट करावी लागली ते आपल्या घरात होते. शिवाय तंबोरा होता. अखंड वाजणाऱ्या सा-पंचमाच्या पार्श्वभूमीवर स्वर लावताना नवशिक्यास आपली चूक कोणी सांगावी लागत नाही. स्वर घासला तर खटकतो, मिळाला तर विरघळतो. मोनोकॉर्ड किंवा पेटी स्वर दाखवते. तंबोरा स्वर दाखवत नाही, फक्त पारखतो. ग्वीदोपाशी हे साधन असते तर त्याच्या पत्राची पाने निम्मी झाली असती. आज तंबोऱ्याचा नाद मोबाइलवर विनामूल्य मिळतो. धर्मशिक्षकाच्या खिशातील यंत्राचा हा उपयोग कान-परीक्षेच्या कार्यक्रमांपेक्षा शतपट बरा.

उणीव होती ती लिपीची आणि वर्गात शिकवण्याच्या क्रमाची. मराठी वाचकांस या बाबतीत दूर जावे लागत नाही. वडोदऱ्यास सयाजीराव महाराजांच्या काळी मौलाबक्ष यांच्या हाताखाली १८८६ मध्ये गायनशाळा निघाली. ग्वाल्हेरचे माधव संगीत महाविद्यालय १९१८ चे, पंडित विष्णु नारायण भातखंडे यांच्या मार्गदर्शनाखालचे. भातखंडे यांची (१८६०–१९३६) स्वरलिपी कोणासही एका दुपारी समजते: कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ, मंद्र स्वराखाली बिंदू, तार स्वरावर बिंदू, मात्रांचे गट आणि समेची खूण. एवढ्या सामग्रीवर आपल्या उपासनेतील बहुतेक गीते लिहिता येतात. घराणेदार गायकांनी तिच्यावर आक्षेप घेतला की मींड, आंदोलन, स्वरांचा लगाव तीत उतरत नाही. आक्षेप रास्त आहे. पण तो लिपीवर नसून लिपीकडून गुरूचे काम घेणाऱ्यावर आहे. ज्याने पूर्वी काहीच ऐकले नाही त्यास कोणतीही लिपी गाणे देत नाही.

आणखी एक मर्यादा सांगितली पाहिजे. १७४२ साली रूसो या फ्रेंच विचारवंताने पॅरिसच्या अकादमीपुढे आकड्यांची स्वरलिपी मांडली. तीवर संगीतकार रामो याने घेतलेला आक्षेप असा की आकडे एकेक करून वाचावे लागतात. रेषांवरील स्वर मात्र नजरेस आपली चढउतार एका झटक्यात दाखवतात. रूसोने पुढे हा आक्षेप मान्य केला. तोच आक्षेप सोल-फाच्या अक्षरांना आणि आपल्या सरगमलिपीलाही लागू आहे. कर्वेन यांनी आरंभी आपली अक्षरे पंचरेषी लिपीकडे नेणारा पूल म्हणून योजली होती. १८७२ पासून त्यांनी पंचरेषी लिपी आपल्या मुख्य अभ्यासक्रमातून वगळली, आणि त्या पुलावरच वस्ती झाली. सोल-फावर वाढलेल्या गायकांच्या पिढ्या अन्य मंडळींची पुस्तके वाचू शकल्या नाहीत. बेळगाव किंवा हैदराबादसारख्या ठिकाणी, जेथे एकाच वेदीभोवती मराठी, कोकणी, कन्नड, तेलुगू, इंग्रजी गीते येतात, तेथे धर्मशिक्षकाने दोन्ही लिप्या ओळखाव्यात असे आमचे मत आहे. क्रम मात्र उलटा नको: आधी कान, मग सरगम, मग रेषा. प्रथम दिवशी फळ्यावर पाच रेषा काढून त्यांवरील स्वरांची नावे घोकून घेणारे शिक्षक वाचन शिकवीत नाहीत, चित्रकला शिकवतात.

आता या सर्वाचे आपल्या कामाशी काय? दुसऱ्या व्हॅटिकन धर्मपरिषदेच्या उपासनाविषयक लेखाने (१९६३) ११५ व्या परिच्छेदात गुरुविद्यालयांत संगीताच्या अध्यापनास महत्त्व देण्यास सांगितले, आणि ११९ व्या परिच्छेदात त्या त्या लोकांची स्वतःची संगीतपरंपरा जोपासण्यास. पहिल्या आज्ञेचे आपण पेटीवर चार गीते बसवून समाधान केले. दुसऱ्या आज्ञेसाठी जी शक्ती लागते ती आपण दिलीच नाही. आपल्या मराठी गीतसंग्रहांकडे पाहावे. पदाच्या माथ्यावर बहुधा ‘चाल’ म्हणून एखाद्या जुन्या पदाचे नाव किंवा रागाचे नाव असते, स्वर नसतात. म्हणजे पुस्तक गृहीत धरते की ती चाल गावातील कोणाच्या तरी कानात जिवंत आहे. नारायण वामन टिळकांच्या (१८६१–१९१९) पिढीत हे गृहीत खरे होते. आज अनेक ठिकाणी ती चाल एकाच वृद्ध गायकाच्या, क्वचित एकाच आजीबाईंच्या कंठात उरली आहे. मराठी वस्ती जेथे विरळ आहे, इंदूर, ग्वाल्हेर किंवा वडोदऱ्याकडे, तेथे तर मूळ पदच कोणास येत नाही, मग त्याच्या चालीवरचे दुसरे पद कसे यावे? शब्द छापील राहतात आणि गीत मरते. पुढच्या रविवारी त्या शब्दांना एखादी चित्रपटातील चाल लावली जाते. ती वाईटच असते असे नाही, पण जी गेली ती गेली.

येथे लिपी पाहून गाण्याच्या विद्येची दुसरी बाजू पुढे येते: ऐकून लिहिणे. शिक्षणात या दोन्ही बाजू एकत्र चालल्या पाहिजेत. आपल्या अभ्यासक्रमांत दुसरीचा उल्लेखही नसतो. भातखंड्यांनी गावोगावच्या गायकांकडून शेकडो बंदिशी मिळवल्या आणि कागदावर आणल्या, त्या कानाच्या बळावर. कोणी म्हणेल, आता ध्वनिमुद्रण खिशात असताना लिहिण्याचा खटाटोप कशास? ध्वनिमुद्रण अवश्य करावे. पण ध्वनिमुद्रणातून मंडळी पुन्हा नक्कलच शिकते. गायकाची खोकलीदेखील चालीत शिरते. ज्याने चाल स्वरांत लिहिली त्याला ठाऊक असते की तीत नेहमीचे काय आणि त्या गायकाचे स्वतःचे काय. ‘तानसेन नाही तरी कानसेन व्हावे’ असे आपण सहज म्हणतो, जणू कानसेन होणे हे नापासाचे सांत्वनपत्र आहे. धर्मशिक्षकाच्या बाबतीत क्रम नेमका उलट आहे: त्यास तानसेनाची गरज नाही, कानसेनाशिवाय मात्र त्याचे काम होणारच नाही.

संत ऑगस्टीन यांनी ‘कबुलीजबाब’ ग्रंथाच्या दहाव्या भागात स्वतःवरच आरोप केला आहे की स्तोत्राच्या अर्थापेक्षा सूर आपल्याला अधिक हलवतो. काही धर्मगुरू या उताऱ्याच्या आधारे गायनशिक्षणास गौण लेखतात. आमचा अनुभव निराळा आहे. ज्याचा कान कच्चा असतो तोच सुराने वाहवतो किंवा सुराकडे दुर्लक्ष करतो. ज्यास पुढचा स्वर आधीच आत ऐकू येतो, त्याचे लक्ष शब्दांसाठी मोकळे राहते.

राहता राहिला व्यवहार. एक वर्षाच्या वर्गास रोज पंधरा मिनिटे पुरतात. आठवड्यातून एकदा दोन तास पुरत नाहीत. पहिले दोन महिने तंबोऱ्यावर केवळ सा, ग, प आणि तार सा, कोणत्याही क्रमाने, हाताच्या खुणेवर. शिक्षकाने या काळात स्वतः कमी गावे. वर्ग त्याच्यामागून गाऊ लागला तर तोच नवा मोनोकॉर्ड होतो. मग रे व नी, मग म व ध. चौथ्या महिन्यापासून रोज चार स्वरांची एक ओळ फळ्यावर लिहावी, विद्यार्थ्यांनी ती प्रथम ओठ मिटून मनात गावी, नंतर उघड. आणि तितकीच एक ओळ शिक्षकाने गावी व त्यांनी लिहावी. मनात गाण्याचा तो अर्धा क्षण वगळणारे शिक्षक पुष्कळ आहेत, घाईपोटी. कान तयार होतो तो त्याच क्षणात. कोमल स्वर सहाव्या महिन्यानंतर, मंडळीत प्रचलित असलेल्या पदांतूनच घ्यावेत. वर्षअखेरच्या परीक्षेत पाठ केलेल्या गीतास गुण ठेवू नयेत. पेटी खोलीबाहेर ठेवावी, सा द्यावा, विद्यार्थ्याने पूर्वी न पाहिलेल्या आठ मात्रांच्या दोन ओळी समोर ठेवाव्यात, आणि परीक्षकाने घड्याळाकडे पाहू नये.